शंभर मिनिटांचा हिशेब

इस्पितळाच्या बिलात प्रतिजैविकाच्या कुपीची किंमत पैशापर्यंत मांडलेली असते. परिचर्येचा आकार मात्र दिवसाला अमुक इतका, असा ठोकळमानाने लावतात. औषध शिरेतून सुरक्षितपणे देण्यास किती वेळ लागला, याची नोंद त्या हिशेबात नसते.

व्हँकोमायसिनचेच उदाहरण घ्यावे. अमेरिकेत १९५८ साली मान्यता मिळालेले हे औषध मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर आजही वापरले जाते. ते पुरेशा द्रावात मिसळून सावकाश द्यावे लागते. मोठ्या माणसाला मिनिटाला १० मिलिग्रॅमहून अधिक नाही, आणि मात्रा लहान असली तरी किमान एक तास. म्हणजे एका ग्रॅमला शंभर मिनिटे. घाई केल्यास चेहरा व मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही एकाएकी उतरू शकतो. हा दोष बहुधा वेगाचा असतो. तो न ओळखता कागदावर ‘ॲलर्जी’ असा शेरा पडला, की एक उपयुक्त औषध त्या रुग्णाला कायमचे दुरावते! सुई शिरेबाहेर सरकली तर भोवतालच्या मांसाला इजा होते, ती वेगळीच.

रात्रपाळीत तीस खाटांमागे एकच परिचारिका असेल, तर या नळीवर तिने नजर ठेवावी केव्हा? नियम तिला ठाऊक असतो. परंतु अपघात घडला की चौकशी तिची होते, पाळ्यांचा तक्ता आखणाऱ्याची होत नाही. औषधाच्या मात्रेशेजारी ते देण्याचा कालावधीही लिहिला जावा, आणि त्या कालावधींची बेरीज करूनच पाळीवरील माणसे नेमावीत.