डोंगर पुरे, आता घर काढा!

दिवाळीची सुट्टी लागली, की घरोघरी रंगपेट्या बाहेर निघतात आणि मुले बहुधा एकच चित्र काढतात. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळणे घेणारी नदी, काठावर उतरत्या छपराचे घर आणि शेजारी नारळाचे झाड. दादरच्या चाळीतला मुलगा हे काढतो, नागपूरची मुलगीही हेच काढते. त्या घरात कोणी राहत नाही. त्याचे दार सदा बंद! आपण त्याला कौतुकाने ‘निसर्गचित्र’ म्हणतो आणि भिंतीवर लावतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे : हे चित्र नव्हे, पाठांतर आहे, आणि ते थांबवायला हवे.

चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली. सरकारी रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाचा विषय असतो. डोळ्यांनी पाहिलेले मनात साठवावे आणि कागदावर उतरवावे, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. परंतु मी पाहिलेल्या कित्येक शिकवण्यांत मुले स्मरतात ती गुरुजींनी काढून दिलेली चित्रे. बाजार तयार, जत्रा तयार, फुगेवालाही तयार. पाहणे तेवढे राहून जाते!

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. ज्या खोलीत आपण राहतो, ती समोर बसून काढावी. कोपऱ्यात पाट मांडा आणि बसा. उभ्या माणसाची नजर आणि बसलेल्याची नजर यांत दोन-अडीच फुटांचे अंतर पडते, आणि तेवढ्याने सारी खोली पालटते. फरशीच्या सांध्यांच्या रेषा नजरेच्या पातळीकडे वर चढत जातात, छताच्या तुळया तिच्याकडे खाली उतरतात, आणि आपल्यापासून दूर धावणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळतात. जवळची खुर्ची सिंहासनासारखी भव्य दिसते, पलीकडचे दार चिमुकले. हात ताठ धरून पेन्सिलीने मापे घ्या. मग डोळे किलकिले करा : बारकावे विरतील, उजेड आणि अंधार यांचे मोठे तुकडे उरतील. आधी ते तुकडे, मग कपबशी. नाट्य बाहेरून आणावे लागत नाही. बैठक नीट निवडली, की ते समोर असतेच.

कोणी म्हणतील, ही यथार्थदर्शनाची विद्या परकी. आल्बेर्तीने इटलीत १४३५ मध्ये तिची पद्धत लिहून ठेवली, हे खरे. परंतु १७९० च्या दशकात पुण्याच्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी प्रत्यक्ष पाहून रेखाटली, हेही तितकेच खरे. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात एकदा उभे राहून पाहा. खांबांच्या दोन रांगा स्तूपाकडे धावत जातात आणि घोड्याच्या नालासारख्या गवाक्षातून उजेड आत शिरतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरून ज्यांनी हे केले, त्यांना आतल्या उजेडाचे मोल कोणी परदेशी मनुष्य शिकवायला आला नव्हता.

दुसरे म्हणतील, समोरचे काढून कल्पनाशक्ती मरते. पिरानेसीने काळजात धडकी भरवणारे काल्पनिक तुरुंग तांब्याच्या पत्र्यांवर कोरले. १७६१ च्या आवृत्तीत ती चित्रे सोळा आहेत. पण हाच गृहस्थ आयुष्यभर रोममधल्या खऱ्या इमारती आणि पडके अवशेष रेखाटत होता. कल्पनेलाही शिधा लागतो, आणि तो डोळ्यांनीच पुरवायचा असतो.

तिसरे खिशातून फोन काढतात. फोटो क्षणात निघतो, मग तासभर बसायचे कशाला? बसायचे ते याचसाठी, की आजचे फोन अंधार आपणहून उजळून टाकतात. चित्र काढणाऱ्याला मात्र उजेडाचा हिशेब चुकवता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने आपले घर काढून आणले. बाहेरच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघराला एक झरोका. आई चित्रात होती, पण काळोखात उजळलेल्या एका कडेपुरती. मुलीने विचारले, “सर, आमच्या घरात सगळा उजेड बाबांच्या खुर्चीवरच का पडतो?” सूर्य उगवणाऱ्या त्या दोन डोंगरांनी असा प्रश्न आजवर कोणाला विचारलेला नाही!

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. यंदा मुलांच्या हाती कोरा कागद द्या आणि घर काढू द्या : पसारा, दोरीवरचे कपडे, भिंतीचा उडालेला रंग, सगळ्यांसकट. रेषा वाकड्या आल्या तर हसू नका. फक्त चित्रात सर्वांत काळा भाग कोठे आला आहे, ते पाहा. आणि उंबऱ्यावर पणत्या मांडून झाल्या, की एक दिवा तिथेही नेऊन ठेवा.