रानपिंगळा दिवसा दिसतो, मग फ्लॅश कशाला?

रात्री साक्रीहून दहिवेलकडे मोटारसायकलवर जाताना समोरच्या ट्रकने अप्पर मारला की क्षणभर काहीच दिसत नाही. आपण वेग कमी करतो, कडेला होतो. अंधारात उंदरावर झेपावणाऱ्या घुबडाला मात्र ही सोय नसते.

डोळे लख्ख चमकणाऱ्या घुबडाच्या फोटोला भरपूर लाइक मिळतात आणि त्याखाली हमखास वाद होतो: फ्लॅशने पक्षी आंधळा होतो का?

फ्लॅशने नेमकं काय होतं?

कायमचं अंधत्व येतं, असं सिद्ध झालेलं नाही. भर उजेडात फ्लॅशचा फरकही कमी पडतो. पण रात्री घुबडाचे, रातव्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. अचानक झगझगीत प्रकाश पडला की ती नजर काही काळ बिघडते. तेवढ्यात शिकार हुकते किंवा उडताना फांदीवर आपटण्याचा धोका असतो. रातवा तर रात्री रस्त्यावरच बसतो. दिपलेल्या रातव्यासमोर गाडी आली तर? म्हणूनच अमेरिकेतली ऑड्युबन सोसायटी सांगते की, निशाचर पक्ष्यांवर रात्री फ्लॅश टाळा.

खानदेशात हा प्रश्न महत्त्वाचा का?

कारण इथे रानपिंगळा आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. तो नामशेष झाला, असंच अनेकांनी धरलं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता, म्हणजे शहादाही साक्रीसारखाच धुळे जिल्ह्यात होता.

तो दिसला तो सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर. रानपिंगळा दिवसा वावरतो आणि दिवसाच शिकार करतो. त्याच्यासाठी फ्लॅशची गरजच नाही.

मग फ्लॅश बंद केला की झालं?

नाही, आणि वादात नेमकं हेच राहून जातं. फ्लॅश क्षणाचा असतो, पण फोटोसाठी ढोलीसमोर दोन तास ठाण मांडलं तर नर चारा घेऊन आत जायला कचरतो. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून बोलावलं, तर दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो चारा शोधायचं सोडून तिकडे धावतो. आणि फोटोसोबत लोकेशन टाकलं, तर पुढच्या रविवारी तिथे दहा कॅमेरे पोहोचतात. अघोरी विद्येसाठी घुबडं पकडणाऱ्यांनाही तो पत्ता आयताच मिळतो.

कायदा काय म्हणतो?

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, आमिष दाखवणं हेही त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. फ्लॅशचा वेगळा उल्लेख कायद्यात नाही. तिथे आपला विवेकच लागतो.

मग फोटो काढायचाच नाही का?

जरूर काढा. फोटोंमुळेच अनेकांना कळलं की ‘अशुभ’ घुबड आपल्या शेतातले उंदीर खातं. फक्त पक्ष्याकडे नीट बघा. तो मान ताणून तुमच्याकडेच पाहू लागला, सारखी जागा बदलू लागला, चोचीतला चारा तसाच धरून बसला, तर मागे सरका. घरट्याचा फोटो टाळा. लोकेशन बंद ठेवा, ‘साक्री तालुका’ एवढं लिहिलं तरी पुरे.

११३ वर्षं हा पक्षी आपल्या नजरेआड होता. आता तो दिसतोय, तर त्याला पुन्हा लपायला लावणारे आपण नसावं.