बर्फ, गारपीट आणि चक्रीवादळ: फळबागांचे संरक्षण आणि पीक विम्यातील नवी पोकळी

हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलच्या बर्फवृष्टीची दृश्ये टीव्हीवर दिसू लागली की आपण ती पर्यटनाची बातमी म्हणून पाहतो. द्राक्ष, कांदा, हरभरा किंवा संत्रा उत्पादकाने मात्र ती हवामानाची सूचना म्हणून पाहायला हवी. तिकडे बर्फ पाडणारी प्रणालीच पुढे आपल्याकडे थंडीची लाट किंवा गारपीट आणू शकते.

या लेखात तीन भागांचा विचार केला आहे: हिमालयातील सफरचंद पट्टा, महाराष्ट्राचे पठार आणि कोकण किनारा. तिन्हीकडची संकटे वेगळी आहेत, पण नुकसान कशाने वाढते आणि भरपाई कुठे अडते हे पाहिले तर एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येतो. शेवटी २०२५ च्या खरिपापासून आपल्या पीक विम्यात झालेल्या बदलाकडेही पाहू, कारण गारपीटग्रस्त शेतकऱ्याला त्याचा थेट फटका बसू शकतो.

एकच प्रणाली, वेगवेगळे परिणाम

भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या हवामान प्रणालीला पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी चक्रावात म्हणतात. डिसेंबर ते मार्च या काळात ती हिमालयावर बर्फ आणि पायथ्याला पाऊस देते. ती पुढे सरकली की उत्तरेकडील कोरडे, गार वारे दक्षिणेला उतरतात आणि निफाडसारख्या भागात पारा झपाट्याने खाली येतो. द्राक्षाच्या मण्यांची फुगवण मंदावते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरात ही थंड हवा आणि खालच्या थरात अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट, उबदार हवा एकत्र आली की उंच ढग तयार होतात आणि गारा पडतात. म्हणून हिमालयात जोरदार बर्फवृष्टीचा अंदाज असेल तेव्हा पुढच्या तीन-चार दिवसांचा आपल्या जिल्ह्याचा अंदाज जरूर पाहावा. प्रत्येक वेळी गारपीट होईलच असे नाही, पण तयारीला वेळ मिळतो.

काश्मीर-हिमाचल: बर्फ हवाच, पण वेळेवर

सफरचंद बागायतदाराला बर्फ शत्रू वाटत नाही. रॉयल डेलिशियससारख्या जुन्या जातींना चांगला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे साधारण ८०० ते १२०० तास लागतात. शिवाय हळूहळू वितळणारा बर्फ वसंतात जमिनीला ओल पुरवतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसारखे ठिकाण बराच काळ कोरडे राहिले, तेव्हा पर्यटन व्यावसायिकांइतकीच चिंता बागायतदारांना होती.

नुकसान होते ते अवेळी बर्फ पडल्यावर. काश्मीरमध्ये ३ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ रोजी लवकर बर्फ पडला. झाडांची पाने गळालेली नव्हती, काही बागांत फळेही होती. पानगळ झालेल्या झाडावर बर्फ फारसा साचत नाही. पानांसकट उभ्या झाडावर तो छत्रीसारखा धरला जातो. ओला बर्फ जड असल्याने फांद्या फाटल्या, काही ठिकाणी खोडे मधोमध चिरली. उत्पादनक्षम सफरचंदाचे झाड गेले म्हणजे एका हंगामाचे नव्हे, अनेक वर्षांचे उत्पन्न गेले.

हिमाचलचा अनुभव आपल्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांनीही लक्षात घ्यावा. तिथे गारांपासून बचावासाठी बागांवर जाळ्या लावतात. एप्रिल २०२१ मध्ये फुलोऱ्याच्या काळात शिमल्याच्या वरच्या भागात बर्फ पडला आणि अनेक ठिकाणी या जाळ्या भाराने कोसळून झाडांवर आल्या. हिशेब करून पाहा. १० सेंमी ओल्या बर्फाचे वजन चौरस मीटरला २० किलो धरले, तर एक एकर जाळीवर तो सगळा साचल्यास सुमारे ८० टन भार होतो. गारांसाठी बांधलेला सांगाडा इतका भार पेलत नाही. म्हणून आच्छादन उभारताना केवळ एका संकटाचा विचार पुरत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण वादळी वारा आहे आणि प्लॅस्टिकवर साचणारे पाणी आहे. मांडवाचे अँगल, तारा आणि कडेचे ताण त्या हिशेबानेच घ्यावेत.

महाराष्ट्राचे पठार: गारपिटीचा अरुंद पट्टा

फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ या काळात विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात दोन आठवड्यांहून अधिक काळ अधूनमधून गारपीट होत राहिली. गहू, हरभरा काढणीला आलेला, संत्र्याचा मृग बहार झाडावर आणि आंबिया बहाराची फुले-फळधारणा सुरू, अशा नेमक्या वेळी ती झाली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा गारांनी झोडपल्या.

गारेचा आकार दुप्पट झाला की तिचा मार दुप्पट होतो असे वाटते. प्रत्यक्षात वजन आठपट होते, पडण्याचा वेगही वाढतो आणि आघाताची ऊर्जा सुमारे सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारेने पाने फाटतात, तर लिंबाएवढी गार काडी फोडते आणि साल उडवते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी गारांचा आकार दाखवणारा, शेजारी नाणे ठेवून काढलेला फोटो उपयोगी पडतो.

गारपिटीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिचा पट्टा अरुंद असतो. एका गावाची बाग उद्ध्वस्त होते आणि दोन किलोमीटरवर पानही हलत नाही. विम्यातील अडचण नेमकी इथे सुरू होते. तिच्याकडे पुढे येऊ.

कोकण: झाड पडते, उत्पन्न दशकभर मागे जाते

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या आणि आंब्याची कलमे आडवी झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले आणि झाडावरचा उरलासुरला हापूस गळाला. गुजरातच्या तालाला-गीर भागात केसर आंब्याचेही तेच झाले.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. ६० किमीच्या वाऱ्यात फक्त डोलणारी सुपारी १२० किमीला मधोमध मोडते. नवीन लावलेल्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात.

निसर्ग वादळानंतर भरपाईबाबत एक महत्त्वाची गोष्ट घडली. कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी दराने हिशेब केला तर वाडीवाल्याच्या हाती फार थोडी रक्कम येते. म्हणून राज्य सरकारने नंतर झाडनिहाय मदत जाहीर केली: सुपारीला प्रतिझाड ५० रुपये, नारळाला २५० रुपये. रक्कम तोकडीच होती, पण मोजमापाची पद्धत पिकाला आणि प्रदेशाला धरून असावी हे तत्त्व त्यातून मान्य झाले. हाच मुद्दा आता पठारावर मांडण्याची वेळ आली आहे.

पीक विम्यातील पोकळी

पूर्वी पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांत दिली की वैयक्तिक पाहणी होऊन भरपाई ठरत असे. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात सुधारित योजना लागू झाली. एक रुपयात विमा बंद झाला आणि स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती हे जादा निकष वगळण्यात आले. आता भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते.

एक उदाहरण घेऊ. मंडळात सारख्या क्षेत्राची २० गावे आहेत. गारपिटीने २ गावांतील हरभरा पूर्ण गेला, १८ गावांत नेहमीसारखा पिकला. मंडळाची सरासरी १० टक्क्यांनी घटली. पण जोखीमस्तर ७० टक्के असेल तर सरासरी उंबरठ्याखाली जायला ढोबळमानाने ३० टक्के घट लागते. म्हणजे त्या २ गावांतील शेतकऱ्याचे शंभर टक्के नुकसान होऊनही विम्यातून काही मिळणार नाही.

दुष्काळासाठी मंडळाची सरासरी चालते, कारण दुष्काळ सगळीकडे सारखा पसरतो. गारपिटीसाठी ती चालत नाही. जुन्या पद्धतीत पाहणीबाबत तक्रारी होत्या आणि शासनावरचा खर्चही वाढला होता, हे खरे. पण पाहणीतील दोष दूर करण्याऐवजी निकषच काढल्याने अरुंद पट्ट्यातील आपत्तीला संरक्षणच उरले नाही. स्वयंचलित हवामान केंद्रे वाढवून हे भरून निघणार नाही, कारण ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, गारा मोजत नाहीत. किमान गारपिटीपुरती वैयक्तिक पाहणी, मोबाइल फोटो आणि उपग्रह प्रतिमांची जोड देऊन, परत आणावी ही मागणी शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी लावून धरायला हवी.

आज उरलेले दोन मार्ग असे:

- फळपिकांसाठी: हवामानावर आधारित फळपीक विमा योजना वेगळी आहे. तिच्यात गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. अर्ज भरताना तो पर्याय निवडला आहे का, हे पावतीवर तपासा. नुकसानीची सूचना ७२ तासांत द्या.
- इतर पिकांसाठी: आपत्ती निवारण निधीतील मदत. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवे. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत असे दर आहेत. राज्य सरकार काही वेळा त्यात वाढ करते. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर अडचण येते.

आता काय करावे?

*आपत्तीपूर्वी*

- दामिनी आणि मेघदूत ही मोबाइल अॅप ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग चढू लागले की हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा इशारा पाहा.
- काढणीला आलेला गहू, हरभरा इशारा मिळताच काढून झाका. शेतात पसरून ठेवलेल्या मालाला आता वेगळे विमा संरक्षण नाही.
- बागेच्या वाऱ्याच्या बाजूला सुरू, बांबू किंवा शेवरीचा वारारोधक पट्टा लावा. तो उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आधार देतो. पट्टा भिंतीसारखा गच्च नको. वारा अडून उसळतो आणि मागे भोवरे होतात, म्हणून थोडा वारा आरपार जाऊ द्या.
- थंडीच्या लाटेत द्राक्षबागेला रात्री किंवा पहाटे हलके पाणी द्या, बांधावर शेकोट्या करून धूर करा.

*आपत्तीनंतर*

- आधी फोटो आणि सूचना, मग साफसफाई. पंचनाम्याआधी बाग झाडून काढू नका.
- फाटलेल्या फांद्या करवतीने साफ कापून १० टक्के बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावा.
- गारांचा मार लागलेला कांदा चाळीत भरू नका. मानेजवळची जखम साठवणीत सड आणते. तो लवकर विका.
- द्राक्षाची मुख्य काडी शाबूत असेल तर बाग मोडू नका. एप्रिलच्या खरड छाटणीत नवी काडी तयार करता येते.
- कोकणात कललेली लहान कलमे, नारळ दोन-चार दिवसांत सरळ करून मातीची भर आणि आधार द्या. तोवर उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाका.
- नव्याने लागवड करताना नारळाखाली जायफळ, दालचिनी, मिरी घ्या. वेगवेगळ्या उंचीची झाडे असली की सगळे उत्पन्न एका दिवसात जात नाही.

रब्बीची आणि फळपिकांची विमा मुदत पिकानुसार वेगवेगळी असते. आपल्या पिकाची अंतिम तारीख कृषी सहायकाकडून आजच लिहून घ्या आणि गारपिटीचा जादा पर्याय आहे का, हे त्याच वेळी विचारा.