चूक 'होते' म्हणजे नेमकं काय होतं?

मे महिन्याच्या सुट्टीत नात आली होती. पुण्याला अकरावीत तिने फ्रेंच घेतलंय. मराठी का नाही, असं विचारलं तर म्हणते, "आजोबा, फ्रेंच स्कोअरिंग आहे." असो. ओटीवर बसून घोकत होती, "ज म स्वी त्राँपे." अर्थ विचारला तर म्हणाली, "माझी चूक झाली." म्हटलं, शब्दाला शब्द सांग. तिने जरा विचार केला. "मी मला फसवलं."

मंडळी, मी उडालोच! जन्मभर व्याकरण शिकवलं. 'माझी चूक झाली' यातला कर्ता कोण? चूक! मी बिचारा षष्ठीत, कोपऱ्यात उभा. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. बरं, मराठीला दोष द्यायचीही सोय नाही. 'मी चुकलो' हे स्वच्छ कर्तरी वाक्य आपल्याकडे आहेच की. आपण ते तोंडातून काढत नाही, एवढंच. इंग्रजीतही 'आय वॉज राँग' आहे, पण 1987 च्या जानेवारीत अमेरिकन संसदेपुढे रेगनसाहेब इराण प्रकरणावर काय म्हणाले? गंभीर चुका 'झाल्या'. कोणाच्या हातून, ते वाक्यात नव्हतं.

'गैरसमज' तर त्याहून बेरकी. बोलणाऱ्याचं बोलणं शुद्ध, ऐकणाऱ्याची समज गैर! फ्रेंच शब्द आहे मालाँताँद्यू, म्हणजे म्हणे वाईट ऐकलेलं. इंग्रजी मिसअंडरस्टँडिंगही ऐकणाऱ्याच्याच माथी. तिन्ही भाषांत दोष कानाचा, तोंडाचा कुठेच नाही. आपले पुढारी त्यावर आणखी कडी करतात. "भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी." हे 'असल्यास' मला फार छळतं. अहो, दुखावल्या म्हणून तर लोक तुमच्या दारात आलेत ना?

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. माफी, दिलगिरी हे शब्द मात्र बाहेरून आले ते आपल्याकडे राहिलेच, आणि आता सॉरी. शब्द कुठलाही असो, माझी तक्रार नाही. कर्ता हवा.

हे सगळं लिहायचा मला तरी काय अधिकार? 1984 साली सातवीच्या वर्गात सहलीच्या वर्गणीचे पैसे हरवले. कोळीवाड्यातल्या एका मुलाचं दप्तर मी सगळ्यांसमोर उपडं केलं. काही निघालं नाही. दोन दिवसांनी पैसे माझ्याच हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. मी त्याला व्हरांड्यात बोलावून म्हटलं, "गैरसमज झाला रे." व्हरांड्यात, वर्गात नव्हे. आणि गैरसमज कसला? मी पोराचं आडनाव बघितलं होतं.

तो आता बंदरावर असतो. दिसला की "सर" म्हणून हाक मारतो, कधी बोंबील पिशवीत घालतो, पैसे घेत नाही. नात गेल्यावर मी मुद्दाम गेलो. तो जाळं शिवत बसला होता. म्हटलं, "सातवीत तुझं दप्तर झडलं, तेव्हा मी चुकलो होतो."

मान वर न करता म्हणाला, "बावीस रुपये होते, सर."