चेंबर वाचवणारा पत्रा बॅटरी वाचवेल का?

पावसाळा लागला की पुण्यातून मुळशी, वेल्हे, मावळाकडे थार आणि जिम्नींची रांग लागते. नवी गाडी घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: खाली स्किड प्लेट टाकू का? आजवर याचं उत्तर तसं सोपं होतं. पण आता पुण्याशेजारी चाकणमध्येच महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक एसयूव्ही तयार होतायत. त्यांच्या पोटाखाली इंजिनाचा चेंबर नसतो, तिथे बॅटरी असते. त्यामुळे प्रश्न तोच राहिला तरी उत्तर तेच राहत नाही.

आधी डिझेल-पेट्रोलचं बघू. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारा भाग असतो, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. तो दगडावर आपटून फुटला की ऑइल रस्त्यावर सांडतं, आणि तरीही गाडी चालवत राहिलात तर इंजिन जाम होतं. स्किड प्लेट म्हणजे चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी यांच्याखाली बसवलेला जाड पत्रा. त्याचं काम दोन प्रकारचं. एक, आपटल्याचा जोर थेट चेसीवर नेणं. दुसरं, गाडीला दगडावरून घसरत पुढे जाऊ देणं. म्हणून चांगल्या प्लेटची पुढची कड वर वळवलेली असते.

थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, पाच दारांच्या गुरखाचा २३३. फरक बोटभर. जाड, खाली लोंबणारी प्लेट लावली तर तेवढा क्लिअरन्स तुम्ही स्वतःच घालवून बसता.

मग पत्रा कसला घ्यायचा? हिशेब करून बघा. ८० बाय ६० सेंटीमीटरची ३ मिलिमीटर स्टीलची प्लेट साधारण ११ किलो भरते. तेवढीच ५ मिलिमीटर ॲल्युमिनियमची प्लेट साडेसहा किलोच्या आत बसते. वजन कमी म्हणून ॲल्युमिनियम आवडतं, पण आपल्या सह्याद्रीचा दगड बेसाल्ट आहे, काळा आणि कडक. त्यावर ॲल्युमिनियम खरवडलं जातं, कधी अडकतंही. स्टील घसरत जातं, मात्र चिखलात गंजतं. वर्षातून चार-पाच वेळा कच्च्या वाटेला जाणाऱ्याने स्टीलच घ्यावं आणि पावसाळ्यानंतर रंगाचा एक हात मारावा, असं माझं मत.

पत्र्याइतकंच बसवणं महत्त्वाचं. नटबोल्ट चेसीलाच हवेत. प्लेट आणि चेंबर यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर प्लेट पोचली की तीच चेंबरला भिडते. ऑइल बदलण्यासाठी भोक हवं, चिखलपाणी निघायलाही वाट हवी. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: बीएस-६ डिझेल गाडी डीपीएफमधली काजळी जाळते तेव्हा तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळलेलं असतं, ते प्लेटवर साचून राहिलं तर पेटू शकतं. ट्रिपनंतर खाली वाकून हात फिरवायलाच हवा, गाडी थंड झाल्यावर.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पुढे लावलेल्या बुलबारविरुद्ध केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. खालची प्लेट त्या जातीची नाही. तरी कंपनीची ॲक्सेसरी असेल तर तीच घ्या, आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. इन्शुरन्स कंपनीलाही कळवून ठेवा.

आता खरा मुद्दा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला धूर ओकत पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या वर्षी अशा आगी लागत गेल्या तसे एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ हे बॅटरीचे नियम कडक झाले, आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्या आगींची चर्चा सेलच्या दर्जाभोवती फिरली. खालून बसणारा दगड ही वेगळी भानगड आहे.

ती जगाने आधीच पाहिलीये. २०१३ मध्ये अमेरिकेत रस्त्यावर पडलेल्या लोखंडी वस्तू खाली घुसून टेस्लाच्या मॉडेल एस गाड्या पेटल्या. मार्च २०१४ मध्ये कंपनीने खाली टायटॅनियमची प्लेट आणि ॲल्युमिनियमचे आडोसे द्यायला सुरुवात केली. चीनने तर आता खालून आपटण्याची चाचणीच नियमात घातली. ३० मिलिमीटर व्यासाच्या गोल टोकाने बॅटरीच्या तळावर १५० जूलचा ठोसा. म्हणजे साधारण १५ किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तसा. गळती नको, आग नको. हा नियम लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६.

मग चाकणच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला बाहेरून प्लेट लावावी का? माझं उत्तर: स्थानिक गॅरेजमध्ये तर अजिबात नको. बॅटरीचं तळकव्हर हा सुरक्षेचाच भाग असतो. तिथे नवं भोक पाडलं की पाणी आत जायची वाट उघडते, आणि शेजारीच नारिंगी आवरणातल्या हाय-व्होल्टेज वायर्स असतात. बीई ६ चा ग्राउंड क्लिअरन्स २०७ मिलिमीटर. म्हणजे जिम्नीपेक्षा फक्त ३ मिलिमीटर कमी, पण मधे लांबलचक सपाट तळ. चाकांच्या मधोमध येणारा उंचवटा आधी तिलाच भिडतो.

चेंबर फुटला की ऑइल सांडतं, इंडिकेटर पेटतो, तुम्हाला लगेच कळतं. बॅटरीला पोचा पडला तर गाडी तशीच पळत राहते. कॅनडात २०२३ मध्ये एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी कव्हरवर ओरखडा आला, तेव्हा मालकाला नव्या बॅटरीचा आकडा ६० हजार डॉलरच्या वर सांगितला गेला. बॅटरीची वॉरंटी तिच्यातल्या दोषासाठी असते, दगडासाठी नाही. दगडाचं नुकसान इन्शुरन्समध्ये किती आणि कसं धरलंय, ते पॉलिसी घेतानाच विचारा. जोरात आपटल्याचा आवाज आला तर बाजूला थांबून खालचा फोटो काढा. पोचा दिसला तर तपासणी होईपर्यंत फास्ट चार्जिंग टाळा, आणि गाडी बंद पार्किंगमध्ये लावू नका.

सेकंडहँड इलेक्ट्रिक एसयूव्ही बघायला जाताय? सनरूफ नंतर. आधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगा.