बावटा बंदरावर, पाऊस घाटमाथ्यावर

चक्रीवादळ म्हटले की पुण्याकडचा माणूस कोकणाकडे बोट दाखवतो. बंदरावर बावटा लागावा, होड्या किनाऱ्याला ओढाव्यात. मुळशीच्या डोंगरातल्या लवासाचा त्यात काय संबंध? हा समज नकाशाच खोडून काढतो. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ वादळ ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यांसह दिवेआगरजवळ जमिनीवर आले. तिथून लवासा सरळ रेषेत साठेक किलोमीटर. वादळ ईशान्येकडे सरकले आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस जमीनदोस्त झाली. हवामान खाते वादळाचे इशारे चार टप्प्यांत देते. पहिले तीन ७२, ४८ आणि २४ तास आधीचे, किनाऱ्यासाठी. चौथा, वादळ धडकण्याच्या किमान १२ तास आधीचा, खास आतल्या भागासाठी असतो: जमिनीवर आल्यावर वादळ कुठे वळेल, तिथे काय होईल. लवासाने वाचायचा तो हा, आणि लाटांची दृश्ये दाखवण्याच्या भरात बातम्यांतून गळतो तोही नेमका हाच.

यावर दुसरा आक्षेप येतो तो जास्त वजनदार आहे. इशारे खोटे ठरतात. पावसाळ्यात रोजच इशाऱ्याचा कुठला तरी रंग लागलेला असतो, मग किती वेळा घाबरायचे? ‘निसर्ग’च्या वेळी मुंबई बचावली आणि हवामान खात्याची यथेच्छ टिंगल झाली. त्याच दुपारी श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या होत होत्या, हे टिंगल करणाऱ्यांच्या गावी नव्हते. इशारा एका विस्तृत पट्ट्यासाठी असतो. त्यातले एक शहर सुटले म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. शिवाय रंगाचा अर्थ घाबरा असा नाहीच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रोज पिवळा लागला तर रोज आकाशाकडे आणि मोबाइलकडे बघायचे, एवढेच मागणे आहे.

खरी गफलत वेगळीच होते: पुण्याचा अंदाज पाहून लवासाची सहल ठरते. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत पुण्यातल्या शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस पडला, लवासाला सुमारे ४५३ आणि ताम्हिणी घाटात ५५६. समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढते आणि तिथेच रिते होते. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस हवामान खाते अत्यंत मुसळधार मानते. लवासाने त्याची दुप्पट ओलांडली. त्याच दिवशी तिथे दरड कोसळून बंगले गाडले गेले. तो पाऊस चक्रीवादळाचा नव्हता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली. जुलै-ऑगस्टमध्ये उंचावरचे जोरदार वारे त्यांना सहसा उभे राहू देत नाहीत. पण कापलेल्या उतारात मुरणारे पाणी कोणत्या प्रणालीतून आले, याने दरडीला फरक पडत नाही. म्हणून इथल्या तयारीचा हंगाम मे महिन्यातच सुरू व्हायला हवा.

तयारी तरी काय मोठी? जिल्ह्याच्या इशाऱ्यात ‘पुणे घाट’ अशी वेगळी नोंद असते, ती पाहावी. नारिंगी दिसला की घाटरस्त्याचा प्रवास पुढे ढकलावा, फोन आणि बॅटऱ्या चार्ज करून ठेवाव्यात, पत्रे आणि सुटे सामान बांधावे. लाल दिसला तर उताराच्या पायथ्याची घरे उजेड असतानाच रिकामी करावीत. रात्री, वीज गेल्यावर, ते जमत नाही. जमिनीला नवी भेग, कललेले झाड, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी दिसले, तर रंगाची वाटही पाहू नये. हॉटेलवाले म्हणतील, प्रत्येक इशाऱ्याला बुकिंग रद्द झाले तर धंदा बसेल. त्यांची अडचण खरी आहे, म्हणूनच रद्द करण्याऐवजी तारीख विनाशुल्क बदलून देण्याची अट बुकिंगच्या पावतीवरच छापावी. पैसे बुडणार नाहीत हे ठाऊक असलेला पाहुणा शनिवारी सकाळी घाटात गाडी घालण्याचा हट्ट धरत नाही.