चिठ्ठीची गरज कोणाला?

गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी 72 तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, घ्यावी लागते. चाकणच्या कारखान्यात राबणाऱ्या कंत्राटी कामगार स्त्रीचे त्यांतील किती तास शिफ्ट, ओव्हरटाइम आणि कंपनीच्या बसमध्ये जातात? लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या या गोळीसाठी 2005 पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तरीही औषध दुकानदाराच्या रोखलेल्या नजरेला भिऊन तिने मोबाईलवरील डॉक्टरांची फी भरायची, तर तो तिच्या लाजेवर बसविलेला करच म्हटला पाहिजे.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली 2020 साली आली, हे योग्यच झाले. शंका असेल, अन्य औषधे चालू असतील, तर सल्ला जरूर घ्यावा. परंतु ईएसआयच्या कक्षेतील कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का वर्गणी दरमहा कापली जाते. म्हणजे औषधोपचाराचे पैसे तिने आधीच मोजलेले आहेत! मग दुसऱ्यांदा का मोजावे?

मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात आणि औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक दवाखान्यात ही गोळी रात्रीही, विनामूल्य, लग्नाची चौकशी न करता मिळाली पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी बोनसच्या मागणीइतक्याच खड्या आवाजात मांडावी.